चादरीखालचा दुसरा अंक

मेलेल्या माणसाचं काम करायला काही लागत नाही, असं कुणी म्हटलं की कलावंत त्याच्याशी बोलणं टाकायचा. असं म्हणणारे त्याच्या ओळखीत बरेच निघाले, त्यामुळे नाटक चालू होतं तोवर त्याचं बोलणं फार थोड्यांशी उरलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. जिवंत माणूस हलतो, बोलतो, चुकला तर सावरून घेतो. मेलेल्याला ती सोय नाही. नाकावर माशी बसली तर ती आपण होऊन उठेपर्यंत तिचा मान ठेवावा लागतो.

कलावंत हे काही त्याचं नाव नव्हे. नळ आणि वॉशबेसिन विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात तो विक्रेता होता. तालमीसाठी लवकर निघायची परवानगी मागायला गेला की मालक मान वर न करता विचारायचे, "निघाले का कलावंत?" यातला टोमणा दुकानातल्या सगळ्यांना कळला, झाडूवाल्या बाईंनाही कळला, फक्त ज्याला मारला त्याला कळला नाही. त्याला ती पदवी वाटली. त्याने ती घरी सांगितली, नाट्यमंडळात सांगितली, आणि बघता बघता ती त्याला चिकटली ती कायमची.

तसं पाहिलं तर दुकानातलं कामही नाटकाचंच होतं. भिंतीवर ओळीने लावलेल्या त्या चकचकीत नळांपैकी एकालाही पाणी नव्हतं. कलावंत नळ अलगद फिरवायचा आणि त्याखाली हात असा धरायचा की समोरचं गिऱ्हाईक बाही भिजू नये म्हणून मागे सारायचं. मग तो हात झटकायचा, रुमालाला पुसायचा आणि म्हणायचा, "धार बघितलीत?" गिऱ्हाईक मान हलवायचं. हे काम त्याला खरोखर येत होतं, आणि नेमकं याचंच त्याला काही कौतुक नव्हतं.

त्याचं सगळं कौतुक मंडळाच्या नाटकांवर खर्च व्हायचं. तिथे तो बरीच वर्षं निरोप आणणारा, पाहुण्यांची बॅग उचलणारा, दाराबाहेरून ओरडणारा असा होता. हौशी मंडळांची एक रीत असते. रंगमंचावरचं फर्निचर सभासदांच्या घरून येतं, आणि ज्याचं फर्निचर मोठं त्याची भूमिका मोठी. हे तोंडाने कुणी कबूल करत नाही. त्या वर्षी औषधाच्या दुकानवाल्याने आपला सोफा दिला आणि तो नाटकातला थोरला मुलगा झाला. रंगमंचावर आला की त्याला स्वतःच्या हातांचं काय करावं ते सुचायचं नाही, म्हणून दिग्दर्शकांनी ते खिशात घालायला सांगितले होते. ते शेवटच्या प्रयोगापर्यंत खिशातच होते.

दिग्दर्शक म्हणजे दातांचे डॉक्टर. नाटक त्यांनीच लिहिलेलं. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि संध्याकाळी तालमीत गप्प करायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. या नाटकासाठी ते कलावंताकडे आले होते ते खरं तर बॅग उचलणाऱ्याचं काम घेऊन. सुट्टीचा दिवस होता. दार उघडंच होतं. कलावंत खिडकीपाशी त्याच्या वडिलांच्या उंच पाठीच्या, कोरीव हातांच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता, आणि त्याची बायको फरशी पुसत होती. ती त्याच्या पायांपर्यंत आली, पायांना वळसा घालून पुढे गेली. त्याने पेपरचं पान उलटलं. डॉक्टर दारात बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "मुख्य भूमिका तुम्हीच करा. खुर्ची तेवढी लागेल."

कलावंताला यातलं पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसरं त्याने हवेवर सोडून दिलं.

नाटक घरातलंच होतं. पहिल्या अंकात एक तापट म्हातारा खुर्चीत बसून घरादाराला धाकात ठेवतो आणि अंक संपता संपता त्याच खुर्चीत मरतो. दुसऱ्या अंकात तो तिथेच, वरून पांढरी चादर टाकलेला, आणि त्याच्याभोवती घरचे लोक पहिल्यांदाच मोकळेपणी बोलतात. डॉक्टरांनी आधी सुचवलं होतं की दुसऱ्या अंकात चादरीखाली उशा ठेवू, तुम्ही आरामात चहा प्या. कलावंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलेल्या बापाचं काम उशीला द्यायचं?" तो म्हणाला. "उशीला श्वास रोखता येतो का?" उशीला तो मुळातच घ्यावा लागत नाही, हे डॉक्टर बोलले नाहीत. त्यांना खुर्ची हवी होती.

तेव्हा प्रत्येक प्रयोगाला तो स्वतः जातीने चादरीखाली बसला. तिथे बसून तो काय करायचा, तर पहिला अंक मनातल्या मनात पुन्हा करायचा. कुठल्या वाक्याला हशा आला, कुठे कुणी खोकलं, शेवटी नमस्कार करताना मान किती झुकवावी, याचाच विचार. त्याच्या संहितेत त्याने स्वतःच्या वाक्यांखाली लाल रेघा ओढल्या होत्या, आणि जिथे लाल रेघा संपल्या तिथून पुढची पानं अगदी कोरी करकरीत राहिली होती. दुसऱ्या अंकाच्या तालमींना तो यायचाच नाही. माझं त्यात काय आहे, असं म्हणायचा. दुसरा अंक म्हणजे त्याच्या लेखी पहिला अंक आणि नमस्कार यांच्यामध्ये आलेला एक लांबलेला खोळंबा होता.

पहिल्या अंकातली त्याची एक जागा भलतीच गाजली. म्हाताऱ्याची बायको फरशी पुसत पुसत खुर्चीपाशी येते आणि म्हातारा पाय उचलतच नाही. ती वळसा घालून जाते. प्रेक्षक, विशेषतः बायका, हमखास हसायच्या. "ही जागा मी काढली," कलावंत सगळ्यांना सांगायचा. "डॉक्टर मला एका शब्दाने बोलले नव्हते. आतून आलं." ते आतूनच आलं होतं, यात खोटं काही नव्हतं.

इकडे घरात खुर्ची गेल्यावर खिडकीपाशी रिकामी जागा झाली. खुर्ची उचलली तेव्हा खाली फरशीवर दोन काळपट ठसे निघाले, अगदी पावलांच्या मापाचे. बायकोने ते घासून काढले. काही दिवस जागा तशीच मोकळी राहिली, आणि मग एके दिवशी तो कामावरून आला तर तिथे तिची शिलाई मशीन होती. ती कपडे शिवायची, लोकांचे ढगळ झालेले अंगाबरोबर करून द्यायची, पडद्यांच्या कडा मारायची. मशीन इतकी वर्षं स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या अरुंद पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशेजारी होती, कारण तिच्या आवाजाने कलावंताचं पाठांतर बिघडायचं. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. काळ्या कापडावर काळा दोरा असला की ती सुई अंदाजाने चालवायची आणि संध्याकाळी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायची. खिडकीपाशी आल्यापासून रुमालाची गरज लागली नव्हती. हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही, त्यामुळे या विषयावर घरात मतभेद कधी झाला नव्हता.

शेवटच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "उद्या खुर्ची परत येईल. मशीन पॅसेजमध्ये नेऊन ठेव."

ती दोरा ओवत होती. म्हणाली, "बघू."

कलावंत चमकला. बघू हा त्याचा शब्द होता. नाही म्हणायचं असलं की तो बघू म्हणायचा, आणि लग्न झाल्यापासून तो शब्द त्या घरात एकट्यानेच वापरत आला होता. "बघायचं काय त्यात?" त्याने विचारलं. तिने पायपट्टी दाबली आणि मशीन सुरू झाली. आता त्याला रात्रभर एकच चिंता. नाटक संपतंय याचं दुःख होतंच, पण नाटक संपल्यावर परत जायला निदान आपली खुर्ची, आपली खिडकी आहे, या हिशोबावर तो आत्तापर्यंत तग धरून होता. ती जागाच हलायला लागली होती.

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी होता. कलावंत सभागृहात पोचला तर मेकअपच्या खोलीत सगळे गोल करून उभे आणि मध्ये म्हाताऱ्याच्या बायकोचं काम करणाऱ्या बाई. एरवी विमा कचेरीत टायपिंग करणाऱ्या या बाईंचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पलीकडे जात नाही अशी तक्रार होती. आज तो पहिल्या रांगेतही जाणार नव्हता. घसा पार बसला होता. त्या तोंड उघडत होत्या आणि नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी दिव्याखाली नेऊन त्यांचा घसा पाहिला, सवयीने दातही पाहून घेतले, आणि मान हलवली.

मग बाईंनी हात वर करून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात कलावंताची बायको बाहीला सुई टोचून उभी होती. मंडळाचे कपडे तीच शिवायची, आणि बाईंच्या दुसऱ्या अंकातल्या पोशाखाला पाठीवर हुकांची लांबलचक रांग असल्याने प्रत्येक प्रयोगाला तिला विंगेत थांबावं लागायचं.

"तिला काय येतंय?" कलावंत म्हणाला. "पहिल्या अंकातलं ठीक आहे, घरी मी तिच्याकडून म्हणवून घेतो. पण दुसऱ्याचं काय?"

"दुसऱ्या अंकात तुम्ही चादरीखाली असता," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नका काळजी करू." आणि तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "वहिनी, जमेल?"

"बघू," ती म्हणाली.

कलावंताने तिला विंगेत बाजूला घेतलं. वेळ कमी होता, तरी एका थोर नटाने नवख्याला द्यायचा तेवढा उपदेश त्याने दिला. "घाबरू नकोस. माझ्याकडे बघत राहा. अडलीस तर मी सांभाळून घेईन. आणि काय वाटेल ते झालं तरी माझ्यासमोर उभी राहू नकोस, लोकांना मी दिसलो पाहिजे." ती हो म्हणाली. बाईंचा पोशाख तिला थोडा सैल होता. तिने दोन टाके घालून तो उभ्या उभ्या अंगाबरोबर केला आणि दोरा दाताने तोडला. तिसरी घंटा झाली.

पहिला अंक असा गेला की कलावंताला स्वतःचाच हेवा वाटला. ती काही अभिनय करत नव्हती. घरातल्यासारखी आली, घरातल्यासारखी बोलली, घरातल्यासारखी वाकून पुसायला लागली. खुर्चीपाशी आली. त्याने पाय उचलले नाहीत. ती वर न बघता वळसा घालून गेली, आणि सभागृहात जो हशा उठला तो आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रयोगांत मिळून झाला नसेल. कलावंताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सोबतीला कच्चा नट असला की पक्का नट कसा उठून दिसतो, हे त्याने मनाशी नोंदवून ठेवलं. मग तो मेला. चांगला वेळ घेऊन मेला. पडदा पडला.

दुसऱ्या अंकात चादरीखाली बसल्यावर मात्र त्याला भरून आलं. उद्यापासून पुन्हा कोरडे नळ. पुन्हा "निघाले का कलावंत" म्हणायलाही मालकांना कारण उरणार नाही. ज्या खुर्चीत बसलं की एवढी माणसं अंधारात गप्प बसून आपल्याकडे बघतात ती खुर्ची आज टेम्पोत उलटी घालून घरी जाणार. त्याने आयुष्यभर खरं तर एवढंच मागितलं होतं, की आपण एका ठिकाणी बसावं आणि बाकीच्यांनी आपल्याभोवती फिरावं. घरात ते होतंच, पण घरात टाळ्या नव्हत्या. चादरीत त्याचे डोळे ओले झाले. मेलेल्याला रडता येत नाही हे आठवून त्याने ते आवरलं, आणि नमस्काराच्या वेळी मान किती झुकवावी या प्रश्नाकडे वळला.

तेवढ्यात आजूबाजूला फार शांत झालं. मुलं, सुना, शेजारी सगळे आत गेले असावेत. एक स्टूल ओढल्याचा आवाज आला, अगदी जवळ, आणि बायको बोलायला लागली. आवाज चढवलेला नव्हता. ती मशीनवर बसून दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलते तसाच.

"आता तुम्ही ऐकताय, तर बोलते. तुमच्यासमोर माझं एक वाक्य कधी पुरं झालं नाही. अर्ध्यात आले की तुम्ही म्हणायचात, कळलं. काय कळलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

प्रेक्षकांत कुठेतरी कुणीतरी हसलं. कलावंताने कान टवकारले. हे काय चाललंय?

"या खुर्चीखाली मी रोज पुसत आले. तुम्ही पाय कधी उचलले नाहीत. तुमच्या पायांभोवतीनं पुसायचं. या घरात दोन पावलांएवढी फरशी आहे, ती मी एवढ्या वर्षांत बघितलेलीच नाही. मी पुसताना विचार करायचे, तिचा रंग काय असेल."

चादरीखाली कलावंताला घाम फुटला. ठसे. हिने ते ठसे आणले. घरातली फरशी, घरातले ठसे, चारचौघांत. अडली, वाक्य आठवलं नाही, आणि मग तोंडाला येईल ते बोलायला लागली, ते असं. आणि डॉक्टर काय करतायत विंगेत? पडदा पाडायला काय झालं?

"आणि ही खिडकी," ती म्हणाली. "घर दोघांचं होतं म्हणतात. पण उजेड तुमच्या बाजूला पडायचा. मी उजेड मागितला नाही. मागितला असता तर तुम्ही बघू म्हणाला असतात. तुम्ही वाईट नव्हतात. तुम्ही नुसते बसलेले होतात."

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज आला, मग दुसरीकडून. कलावंताच्या मनात काय काय उसळून आलं. खुर्ची, मशीन, कालचं बघू. म्हणजे हे सगळं आधीच ठरवून आली होती. घरात एक शब्द नाही आणि इथे, माझ्या नाटकात, माझ्या शेवटच्या प्रयोगाला, मी हलू शकत नाही अशा वेळी. संताप होताच, पण संतापाच्या खाली आणखी काहीतरी होतं. उजेडाचं त्याला खरंच माहीत नव्हतं. कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं, पण तू कधी बोललीस का?" प्रेत म्हणालं.

पांढऱ्या चादरीला तोंडाच्या जागी एक खळगा पडला होता, तो आत-बाहेर होत होता. विंगेत औषधवाल्याचे हात पहिल्यांदाच खिशातून बाहेर आले आणि डोक्याला गेले.

मग ती शांतपणे म्हणाली, "मेलेल्यानं मध्ये बोलू नये. माझं व्हायचंय अजून."

सभागृह कोसळलं. लोक हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते, पुढच्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आवाज खाली येईपर्यंत ती थांबली, आणि जिथे सोडलं होतं तिथून धागा उचलून शेवटपर्यंत गेली. कलावंत तोंड मिटून बसून राहिला. दुसरा अंक तो पहिल्यांदा ऐकत होता.

नमस्काराला पडदा उघडला तेव्हा तो ठरवल्याप्रमाणे पुढे आला, ठरवलेली मान झुकवली, आणि टाळ्या वाजल्या. मग ती आली, ती बहुधा हुक कुणीतरी काढेल का हे विचारायला, आणि टाळ्या दुप्पट झाल्या. ती गोंधळून त्याच्या मागे उभी राहायला गेली. त्याच्यासमोर उभं राहायचं नाही हे तिने लक्षात ठेवलं होतं.

पडदा पडल्या पडल्या त्याने डॉक्टरांना गाठलं. "ऐकलंत? आमच्या घरातलं काढलं तिने. माझी फरशी, माझी खिडकी. तुम्ही पडदा का नाही पाडला?"

डॉक्टर चष्मा पुसत होते. त्यांचेही डोळे लाल होते. "कुठलं घरातलं?"

"ते पायांचं. ठशांचं. उजेडाचं."

"ते नाटकातलं आहे," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या प्रयोगापासून आहे. बाई रोज हेच बोलतात, तुमच्या कानापासून हातभर अंतरावर. आज वहिनी शब्दन् शब्द बरोबर बोलल्या. दोनच वाक्यं जास्तीची झाली. एक तुमचं, आणि एक त्याला उत्तर म्हणून त्यांचं."

"पण ठसे? ते तुम्हाला कसे माहीत?"

"माझे वडील असेच बसायचे. ते गेल्यावर आईने खुर्ची हलवली तेव्हा मी तिथे होतो." डॉक्टरांनी चष्मा घातला. "पाय न उचलण्याचं मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही अभिनय केला असता."

कलावंताला काहीतरी तोडीस तोड बोलायचं होतं. त्याला लाल रेघा असलेलं एकही वाक्य आठवेना. बाजूला घसा बसलेल्या बाई त्याच्या बायकोच्या पाठीवरचे हुक एकेक करून सोडवत होत्या आणि ती हात वर करून शहाण्यासारखी उभी होती.

तो तिच्यापाशी गेला. "तुला ते सगळं कधी पाठ झालं?"

"विंगेत उभी असायचे ना."

"तरी एवढं मोठं बोलणं. बाईंना महिना लागला होता."

"मला नाही लागला," ती म्हणाली. "पाठ करण्यासारखं त्यात फारसं नव्हतं."

ती हे रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. रागावर त्याच्याकडे उत्तरं होती. तिने ते कापडाचं माप सांगावं तसं सांगितलं आणि पोशाख घडी घालायला घेतला. कलावंताच्या मनात आलं की टोमणा म्हणून जे बोललं जातं ते आपल्याला कधी कळत नाही, आणि आज टोमणा नव्हता तर कळलं.

टेम्पो सभागृहाच्या मागच्या दाराशी लागला होता. सोफा औषधवाल्याकडे गेला, टेबल टायपिंगच्या बाईंकडे, आणि शेवटी टेम्पोवाल्याने खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली, जिन्याने वर आणली आणि घराच्या दारात उभा राहिला. अजून ऊन होतं. खिडकीपाशी मशीन जशीच्या तशी होती. तिने ती हलवली नव्हती. मशीनवर अर्धवट शिवलेलं काळं कापड होतं आणि त्यावर उन्हाचा चौकोन पडला होता, इतका स्पष्ट की काळा दोराही दिसत होता.

ती चप्पल काढून आत आली आणि थांबली. हात नुसता मशीनच्या कडेवर ठेवून उभी राहिली.

"कुठे ठेवू साहेब?" टेम्पोवाल्याने विचारलं. "जड आहे."

कलावंताने खिडकीकडे पाहिलं. बघू, असं म्हणायला तोंड उघडलंही. मग म्हणाला, "आत. पॅसेजमध्ये."

"तिथे मावेल?"

"मी मावेन," तो म्हणाला.

पॅसेजमध्ये खुर्ची बसली ती एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला बाथरूमचं दार अशी अडकून. तिच्यात बसलं की समोर हातभर अंतरावर दुसरी भिंत, डोक्यावर दिवा, आणि दाराआड थेंब थेंब गळणारा एक नळ. हा मात्र पाण्याचा होता. इतकी वर्षं नळ विकून याचा वॉशर बदलायचा राहून गेला होता. त्याने पेपर उघडला. अक्षरं नीट लागेनात. दिवा लावला, तरी डोळे चोळावे लागले. बाहेरच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता आणि आज काही पाठ करायचं नव्हतं, तरी कलावंत तो आवाज शेवटपर्यंत ऐकत राहिला.

थोड्या वेळाने मशीन थांबली. बायको बादली आणि फडकं घेऊन पुसत पुसत पॅसेजमध्ये आली, वाकलेलीच, खाली बघत. खुर्चीपाशी आली आणि सवयीने वळसा घालायला निघाली. वळायला तिथे जागाच नव्हती.

कलावंताने पाय उचलले.

फडकं क्षणभर थांबलं, मग खुर्चीखालून पलीकडच्या भिंतीपर्यंत सरळ गेलं आणि सरळ परत आलं. ती अंग चोरून पुढे स्वयंपाकघरात निघून गेली. कलावंत पाय तसेच हवेत धरून बसला होता. त्याने मान वळवून एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. कुणीच बघत नव्हतं. फरशी वाळेपर्यंत त्याने पाय खाली टेकले नाहीत.